चुन्याचा खड्डा

जेथ्रो टस्टिनला कोल्डकोट गावात कुणी वाईट माणूस म्हणत नसे. खडूस म्हणत, आखडू म्हणत, त्याच्या तोंडी लागू नका म्हणत. पण त्याने रचलेल्या भिंतीपुढे आणि त्याने चढवलेल्या छपरापुढे गावाची बोलती बंद व्हायची. पन्नासेक वर्षं त्याने एकच काम केलं. आपल्या या टेकड्यांवरची पिवळ्या दगडाची घरं उभी ठेवायची. ती आजही उभी आहेत, आणि त्यातल्या एकाही घरात तो राहत नाही. हे असं का झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण सांगताना लोक मधलंच कुठलं तरी टोक धरतात. म्हणून नीट सांगतो.

त्याचं स्वतःचं घर चर्चच्या मागच्या उतारावर होतं. खाली दोन खोल्या, वर दोन. ते त्याच्या खापरपणजोबाने, रूबेन टस्टिनने बांधलेलं. दारावर रिवाजाप्रमाणे लग्नाचा दगड बसवलेला: वर आडनावाचं अक्षर, खाली डावीकडे नवऱ्याचं, उजवीकडे बायकोचं, आणि त्याखाली साल, १७८४. भिंती दोन फूट जाड. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, मध्ये चुरा आणि खडी, आणि थोड्या थोड्या अंतरावर दोन्ही पदरांना धरून ठेवणारा एक लांब आरपार दगड. पाया म्हणाल तर नाहीच. जमीन खरवडून थेट मोठे धोंडे मांडलेले. आतल्या फरशा चोपलेल्या मातीवर टाकलेल्या. चूल एवढी मोठी की आत बाकडं टाकून दोघं बसावीत, शेजारी पाव भाजायची भट्टी, आणि तिचं गोल पोट भिंतीबाहेर आलेलं. जिना चुलीला वळसा घालून वर जायचा आणि इतका अरुंद की जेथ्रोच्या बायकोची, एडाची शवपेटी वरच्या खिडकीतून दोर लावून उतरवावी लागली होती.

छप्पर दगडी कौलांचं. वळचणीला हातभर लांब कौलं, मग वर जाता जाता लहान लहान होत आढ्यापाशी तळहाताएवढी. प्रत्येक कौलाला एक भोक, भोकात ओकची खुंटी, आणि खुंटी पट्टीवर टांगलेली. या मापांना आमच्याकडे नावं आहेत, आणि एका मापाला चक्क 'ब्रह्मचारी' म्हणतात. जेथ्रोची मुलगी विनी एकोणतीस वर्षांची होऊनही घरातच आहे म्हणून कुणी टोमणा मारला, की जेथ्रो म्हणायचा, "वरती ब्रह्मचाऱ्यांची आख्खी रांग आहे. त्यातला एक उतरवून देतो तिला."

आणि या सगळ्याला धरून ठेवणारा चुना. दगडांमधल्या दरजांत चुना, आतल्या गिलाव्यात चुना, कौलांच्या खालच्या अंगाला शेळीचे केस घातलेला चुना. हे घर पाणी अडवायचंच नाही. पावसाळी दिवसांत भिंत पाणी प्यायची आणि वारा सुटला की त्याच चुन्यातून बाहेर टाकायची. जेथ्रोला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. बापाने शिकवलं होतं, तेही कानफटात मारून.

चुन्याचा खड्डा घरामागे, डुकरांच्या गोठ्याला लागून होता. सहा फूट लांब, चार फूट खोल, आतून दगडाने बांधलेला. त्यात विझवलेला चुना मुरत पडायचा, वर टीचभर पाणी, पाण्यावर फळ्या. बापाने विझवलेला चुना मुलाने वापरायचा आणि मुलाने विझवलेला त्याच्या मुलाने, अशी टस्टिनांची पद्धत होती. जेथ्रोला मुलगा नव्हता. तरी एडा गेली त्या वर्षी त्याने खड्डा काठोकाठ भरून ठेवला. कुणासाठी, ते त्याने सांगितलं नाही.

विनीने शेवटी लग्न केलं ते लेन हॉब्जशी. महायुद्धाच्या काळात लेन विमानतळांच्या धावपट्ट्या ओतायच्या कामावर होता. गोल चेहऱ्याचा, कामसू, सतत शीळ घालणारा माणूस. दिवसाला शेकडो फूट काँक्रीट ओतलेलं त्याने, आणि त्यावर बॉम्ब भरलेली विमानं उतरली तरी तडा गेला नव्हता. त्यामुळे सिमेंटने बरा होत नाही असा आजार जगात नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तो सासऱ्याला 'बाबा' अशी हाक मारून बघायचा आणि जेथ्रो ऐकू न आल्यासारखं करायचा.

लग्नाच्या दिवशी विनी बापाला म्हणाली, "बाबा, आमचा दगड कधी कोराल?"

जेथ्रोने खाणीतून एक चांगला दगड आणून ठेवला होता, तासून गुळगुळीत केलेला. त्यावर वर H यायचा होता, खाली L आणि W. मुलगी त्याच घरात राहणार, नातवंडं तिथेच वाढणार, तेव्हा मागच्या दारावर तो बसवायचा असं ठरलेलं होतं.

"कोरीन की," जेथ्रो म्हणाला. "आधी तुझ्या नवऱ्याला एक भिंत सरळ घालून दाखवू दे."

लोक हसले. लेनही हसला. दगड गोठ्याच्या भिंतीला टेकून तसाच उभा राहिला.

वर्षभरात पॅम झाली. ती पाऊल टाकायला लागली आणि अंगणात सैरावैरा पळायला लागली, तेव्हा एका रविवारी जेथ्रो चॅपेलला प्रार्थनेसाठी गेलेला असताना लेनने खड्डा बुजवला. जुनी कौलं, फुटक्या विटा, राख, माती असं सगळं ओतून वर चोपून सपाट केलं. जेथ्रो परत आला तेव्हा लेन फावड्यावर रेलून घाम पुसत होता.

"पोर पडलं असतं त्यात," लेन म्हणाला. "आणि तुम्ही आता तो वापरता कुठे?"

खरं सांगायचं तर लेनचं काही चुकलं नव्हतं. चुन्यात पडलेल्या पोराचं काय होतं ते जेथ्रोलाच जास्त ठाऊक होतं. आणि हेही खरं की त्याची बोटं आखडली होती, दोन वर्षं त्याने नवीन काम घेतलं नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती सपाट माती होती आणि तिच्याखाली बापाचा, आजाचा आणि त्याचा स्वतःचा चुना. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो चार शिव्या देऊन मोकळा झाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो काही बोलला नाही. टोपी काढली, आत गेला, चुलीत जाऊन बसला, आणि तिथे बसून त्याने ठरवलं की या माणसाशी यापुढे घराच्या कामाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात लेनने घर सुधारायला घेतलं. विनीसाठी, पॅमसाठी, आणि बहुधा म्हाताऱ्याने एकदा तरी शाबास म्हणावं म्हणून. त्याने सगळ्या फरशा उचकटल्या आणि खाली चार इंच काँक्रीट ओतलं. बाहेरच्या दरजांतला मऊ चुना छिन्नीने खरवडून त्यात सिमेंट ठासलं. आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर चकचकीत तेलरंग. मोठी चूल विटांनी बुजवून तिथे एक छोटी, सुबक शेगडी बसवली.

जेथ्रोला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जमिनीतली ओल आजवर मातीतून, फरशांच्या सांध्यांतून हळूहळू वर येऊन उडून जात होती. आता तिला ती वाट बंद. मग ती भिंतीत चढणार. भिंतीने ती बाहेर टाकायची तर दरजांत सिमेंट. मग ती आतच राहणार आणि थंडीत गोठणार, गोठली की फुगणार आणि दगडाचे पापुद्रे काढणार. किती हिवाळे लागतील तेही त्याने मनात मोजून ठेवलं. तीन. फार तर चार.

एका संध्याकाळी विनी त्याच्यासाठी चहा घेऊन अंगणात आली. लेन थोड्या अंतरावर फावड्याने सिमेंट कालवत होता आणि शीळ घालत होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे बरोबर होतंय ना?"

आता इथे त्या माणसाने काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल.

"मला काय विचारतेस?" जेथ्रो म्हणाला. "लेनला विचार. शहाणा आहे तो."

विनी कप उचलून आत गेली.

तो शरद ऋतू फार छान गेला. घर लोण्याच्या गोळ्यासारखं दिसायला लागलं. लोक वाट वाकडी करून बघायला यायचे, पबमध्ये लेनला बियर पाजायचे. रस्त्यावर खडी पसरणारा सेप मिल्स हा जेथ्रोचा एकुलता एक म्हणावा असा मित्र. तो म्हणाला, "जेथ्रो, तुझ्या जावयाने घराचं सोनं केलं रे."

"बघू," जेथ्रो म्हणाला.

पहिल्या हिवाळ्यात खालच्या खोलीत गुडघाभर उंचीवर एक काळपट रेघ उमटली. लेनने वर आणखी रंग दिला. दुसऱ्या हिवाळ्यात रेघ कमरेपर्यंत आली, भिंतीला खारट पांढरा लोणा फुटला, तेलरंगाचे फोड आले आणि बोट लावलं की त्यातून पाणी ओघळायचं. बाहेर पहाटेच्या कडाक्याने दगडांचे पापुद्रे सुटून फुलझाडांत पडायला लागले. दरजांतलं सिमेंट मात्र तसंच कडक, आणि मधला दगडच झिजून आत गेलेला. लेनने उघडे पडलेले दगडही सिमेंटने लिंपले. तो रविवारीही काम करायचा. त्याची शीळ आता बंद झाली होती.

जेथ्रो हे सगळं बघत होता आणि मनातून खूश होता. लपवायचं कशाला, तो खूश होता. रोज सकाळी भिंतीवर हात ठेवून ओल किती चढली ते बघायचा आणि पोटात त्याला गुदगुल्या व्हायच्या.

मग पॅम खोकायला लागली. तिसऱ्या हिवाळ्यात तो खोकला थांबेना. तिची खाट आणि जेथ्रोची खाट यांच्या मध्ये नुसत्या फळ्यांचा आडोसा होता, आणि पोरगी खोकून खोकून ओकायची ते त्याला सगळं ऐकू यायचं. तेव्हा त्याच्या गुदगुल्या थांबल्या. त्याने आपली धुराड्याच्या भिंतीजवळची कोरडी जागा तिला दिली आणि स्वतः ओल्या कोपऱ्यात गेला. तिच्यासाठी वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवायचा. पोरीचा त्याच्यावर जीव होता. ती विचारायची, "आजोबा, भिंत का रडते?" तो म्हणायचा, "झोप आता." गिलावा खरवडा आणि काँक्रीट फोडा, एवढे चार शब्द बोलायला त्याला एक मिनिट लागलं नसतं. पण बोलायचं म्हणजे आपण तीन वर्षं गप्प होतो हे कबूल करायचं. ते त्याच्या जिवावर आलं.

डॉक्टरने चिठ्ठी लिहिली आणि वसंतात घरं तपासणारा कौन्सिलचा साहेब आला. त्याने खिशातला चाकू गिलाव्यात खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. छताची उंची मोजली, खिडक्या मोजल्या, पॅमच्या छातीकडे पाहिलं आणि वही मिटली.

"माणसांनी राहण्यालायक नाही," साहेब म्हणाला. "पण मी लगेच बंद करत नाही. दुरुस्तीचा काही उपाय असेल तर सांगा. दोन महिने देतो."

लेनचा चेहरा पांढरा पडला होता. "अजून एक हात सिमेंटचा दिला तर..."

"तेच तर दिलंय की तुम्ही," साहेब म्हणाला.

विनीने वळून बापाकडे पाहिलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता, हात काठीवर.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पन्नास वर्षं ही घरं केलीत. हे घर आपल्या हातातून जातंय. काहीतरी बोला. काय केलं तर वाचेल हे?"

साहेबही थांबला. लेनही बघत राहिला. लेनच्या डोळ्यांत त्या क्षणी कसलाही ताठा नव्हता. म्हातारा सांगेल ते करायला तो तयार होता, रांगत जाऊन करायला तयार होता. जेथ्रोला ते दिसलं, आणि त्याला त्याची गोडी लागली. तीन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, आणि तो एवढ्यात संपवायला त्याचं मन होईना.

"घर लेनने दुरुस्त केलंय," तो म्हणाला. "लेनलाच विचार."

दोन महिन्यांनी घर बंद केल्याचा कागद दाराला चिकटला. जेथ्रोसकट त्या सगळ्यांना गावाबाहेर कौन्सिलचं विटांचं घर मिळालं, लेनच्या नावावर. नळ घरात, संडास घरात. पॅमचा खोकला महिन्याभरात गेला. विनी वर्षभर चर्चच्या बाजूने चालली नाही, दुकानात जायचं तरी खालच्या वाटेने जायची.

बंद केलेलं घर जेथ्रोने मिळेल त्या भावात विकलं. घेणारी लंडनची बाई, मिसेस पेनरोझ. पँट घालायची, सिगारेट ओढायची, कुत्र्यांशी माणसांसारखं आणि माणसांशी कुत्र्यांसारखं बोलायची, पण मनाने वाईट नव्हती. तिचा नवरा आर्किटेक्ट होता. त्याने येऊन दहा मिनिटांत सांगितलं की हे सगळं सिमेंट काढा आणि चुन्याचं काम करणारा म्हातारा शोधा. असा म्हातारा गावात एकच होता.

जेथ्रो कामाला गेला. त्र्याहत्तराव्या वर्षी शिडीवर चढला. दोन मजूर हाताशी घेऊन त्याने काँक्रीट फोडलं, फरशा परत मातीवर टाकल्या, गिलावा उतरवला, चूल उघडली. चुना कुठून आणायचा असा प्रश्न निघाला तेव्हा तो गोठ्यामागे गेला आणि लेनने चोपलेली माती खणायला लावली. हातभर विटा-मातीखाली तो तसाच होता, पांढराशुभ्र, फावड्याला लोण्यासारखा चिकटणारा. आपल्या बापाचा, आजाचा आणि स्वतःचा चुना त्याने मिसेस पेनरोझच्या भिंतीत भरला. एका उन्हाळ्यात भिंती वाळल्या. फक्त एका उन्हाळ्यात.

विनी तिथे आठवड्यातून तीन दिवस साफसफाईला जायला लागली होती. लेनच्या बांधकामाच्या मालकाने काम कमी केलं होतं, घरात नड होती. ज्या फरशीवर ती रांगायला शिकली ती फरशी ती आता मिसेस पेनरोझसाठी घासायची. बापलेक एकाच घरात कामाला, तो बाहेर, ती आत. बोलणं जेवणापुरतं.

सप्टेंबरात मिसेस पेनरोझला गोठ्याजवळ तो गुळगुळीत दगड सापडला. "हा कशाचा?" तिने विचारलं. जेथ्रोने रिवाज सांगितला. तिला तो फारच आवडला. तिच्या नवऱ्याचं नाव Guy, तिचं मुरियल. जेथ्रोने वर P आणि खाली G आणि M कोरलं. बोटं आखडलेली होती तरी अक्षरं अशी उतरली की मजूरही थांबून बघायला लागले. मग त्याने तो मागच्या दारावर बसवला. विनी खिडकी पुसत होती. तिने तो दगड पाहिला आणि खिडकी पुसत राहिली.

"मिस्टर टस्टिन, तुम्ही जादूगार आहात," खाली उभी राहून मिसेस पेनरोझ म्हणाली. "भिंतीला हात लावून बघा, भाजलेल्या पावासारखी कोरडी. कुठल्या गाढवाने इथे सिमेंट भरलं होतं हो?"

"माझ्या जावयाने," जेथ्रो म्हणाला. त्याला तो दिवस फार छान वाटत होता.

"आणि तुम्ही बघत राहिलात? तुम्हाला तर माहीत असणार काय होईल ते."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बाई." त्याने थापी पुसली. "पण मला कुणी विचारलंच नाही."

उघड्या खिडकीच्या आतून विनीचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता.

"मी विचारलं होतं, बाबा. दोनदा."

मिसेस पेनरोझ सिगारेट टाकून कुत्र्यांना हाका मारत निघून गेली. जेथ्रो शिडीवर उभा राहिला. विनीने फडकं बादलीत पिळलं आणि पुढची खिडकी घेतली. त्या दिवशी तिने त्याला नेहमीसारखं जेवायला वाढलं, मटण आणि उकडलेले बटाटे.

पुढचं सगळं गावाला ठाऊक होतं, एकट्या जेथ्रोला सोडून. लेनला कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात कायमची नोकरी मिळाली. घरही मिळालं, मागे लांबलचक अंगण असलेलं. लेन दोनदा जाऊन आला. तिथे खालच्या मजल्यावर एक खोली होती, जिना नको, खिडकी अंगणात उघडणारी. ती त्याने म्हाताऱ्यासाठी रंगवली. आणि ज्याला लोक बावळट म्हणायचे त्या लेनने आणखी एक गोष्ट केली. अंगणाच्या टोकाला एक खड्डा खणला, आतून विटांनी बांधला, भट्टीवरून चुन्याचे खडे आणून त्यात विझवले आणि वर फळ्या टाकल्या. "म्हाताऱ्याचे हात तरी चालते राहतील," तो पबमध्ये म्हणाला. "माझीही चूक होतीच. तो बुजवायला नको होता मी."

विनीने एकच अट घातली. तिच्या वडिलांना कुणी काही सांगायचं नाही. "त्यांनी विचारलं तर न्यायचं. एकदा विचारू देत. नाही विचारलं, तर नाही न्यायचं."

"अगं, ते मला विचारणार नाहीत," लेन म्हणाला. "तुला माहीत आहे."

"मग राहू देत," विनी म्हणाली.

मार्चमध्ये स्वयंपाकघरात सामान भरायला चहाच्या रिकाम्या पेट्या येऊन पडल्या. बशा वर्तमानपत्रांत गुंडाळल्या जाऊ लागल्या. भिंतीवरचं एडाचं चित्र उतरलं. जेथ्रो दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "हे काय चाललंय?"

विनीने मान वळवली नाही. ती बशी गुंडाळत होती.

"लेनला विचारा," ती म्हणाली.

लेन दारातच उभा होता, कोट काढत. तो तसाच थांबला, एक हात बाहीत अडकलेला. जेथ्रोला समजलं की हे आपलेच शब्द आहेत. पण जावयाला विचारायचं म्हणजे सहा वर्षं धरलेलं सोडून द्यायचं, आणि तेही विनीच्या देखत. त्याने कप ठेवला, टोपी घेतली आणि पबला निघून गेला. सेप मिल्सने त्याला त्या दिवशी तीन वेळा म्हटलं, "अरे, घरी जा आणि लेनशी बोल. माझ्या तोंडाला कुलूप आहे, पण तू बोल." जेथ्रो म्हणाला, "त्या सिमेंटवाल्याशी? मी काय बोलू?"

शनिवारी सकाळी गाडी आली. खुर्च्या चढल्या, पॅमची सायकल चढली. जेथ्रोची खाट आणि त्याच्या हत्यारांची पेटी तेवढी खाली राहिली. लेन दोनदा गाडीत बसला आणि दोनदा उतरला. मग फाटकाशी आला.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

पॅम गाडीच्या खिडकीतून हात हलवत होती. विनी समोर रस्त्याकडे बघत बसली होती.

"तुला?" जेथ्रो म्हणाला. "तुला विचारण्यापेक्षा मी दगडाला विचारीन."

लेन गेला. गाडी चढावावरून दिसेनाशी झाली. जेथ्रो रिकाम्या घरात दिवसभर हत्यारांच्या पेटीवर बसून राहिला. उन्हं कलल्यावर सेप पाव आणि चीज घेऊन आला आणि त्याने सगळं सांगितलं. कॉव्हेंट्रीची खोली, खिडकी, अंगण, चुन्याचा खड्डा. गावच्या अर्ध्या लोकांनी लेनला चुना किती दिवस मुरवायचा असतो ते सांगितलं होतं. सेपने स्वतः सांगितलं होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," जेथ्रो म्हणाला.

सेपने चीज कापलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, "अजूनही वेळ गेलेली नाही. एक कार्ड टाक. येऊ का, एवढंच लिही. तो माणूस पुढच्या गाडीने न्यायला येईल."

जेथ्रो चार दिवस एक कोरं कार्ड घेऊन फिरला. कौन्सिलचं घर लेनच्या नावावर होतं, महिनाअखेर सोडायचं होतं. त्यानंतर शहरातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात जागा होती, पूर्वी तिथे कंगालांना ठेवत. दगडावर इतकी सुंदर अक्षरं काढणारा हा माणूस, त्याला कागदावर दोन शब्द लिहिता येईनात. 'येऊ का' असं त्याने एकदा लिहिलं आणि खोडलं. मग दुसऱ्या कार्डावर लिहिलं, 'लेन, चुना किती मुरला? जेथ्रो.' हे वाचून लेनला कळेल, असं त्याला वाटलं. लेनला कळलंही असतं.

पण लेन कारखान्यात असायचा आणि टपाल विनीच्या हातात पडलं. सात दिवसांनी उत्तर आलं. पोस्टमनने ते फाटकाशीच दिलं आणि जेथ्रोने तिथेच उभ्याने वाचलं. विनीचं बाळबोध अक्षर, शाळेत होतं तसंच.

'खड्डा बुजवून टाकला. पोर पडलं असतं त्यात. विनी.'

पॅम तेव्हा सात वर्षांची होती. जेथ्रोने कार्ड खिशात ठेवलं, आत जाऊन हत्यारांची पेटी बांधली, आणि महिनाअखेर किल्ली कौन्सिलच्या माणसाच्या हातात दिली. पेटी आश्रमात नेता येणार नाही असं तो माणूस म्हणाला, तेव्हा जेथ्रोने का म्हणून विचारलं नाही.